प्रार्थना करून कळवतो

उपासना संपलेली असते. तुम्ही दाराकडे सरकत असता, आणि तेवढ्यात कोणीतरी हात धरून विचारतं, "पुढच्या महिन्यापासून संडे स्कूलचा एक वर्ग घ्याल का?" घाबरू नका. आणि "नाही" तर अजिबात म्हणू नका. नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं. डोळे अर्धे मिटा, मान थोडी खाली घाला आणि म्हणा, "प्रार्थना करून कळवतो."

या वाक्याला तोड नाही. त्यात नकार नाही, होकार नाही, आणि तारीख तर नाहीच नाही. "मग झाली का प्रार्थना?" असं विचारायला कोणाची जीभ रेटत नाही. एखादा चिवट माणूस महिन्याभराने पुन्हा गाठेल, तेव्हा म्हणा, "अजून ओझं आलेलं नाही." एरवी ओझं नको म्हणून माणूस पळतो, आपल्यात मात्र सेवेआधी ओझं, म्हणजे देवाकडून आतली ओढ, यावं लागतं, आणि ते आलं की नाही हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं.

एवढ्यानेही सुटका झाली नाही, तर ठेवणीतलं हत्यार काढा: "माझी लायकीच नाही हो." यावर समोरच्याने "छे, तुम्ही लायक आहात" म्हटलं तर ती खुशामत ठरते, आणि "खरंय" म्हटलं तर विषयच मिटला. वर नम्रपणाबद्दल शाबासकी मिळते ती वेगळीच. लायकी नाही म्हणणाऱ्याला कोणी आळशी म्हटल्याचं मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

या विद्येतला आपला पूर्वज म्हणजे बायबलमधला मोशे. वय ८०, सासऱ्याची मेंढरं राखत होता, देवाने त्याला इस्राएल लोकांना मिसरमधून (इजिप्तमधून) सोडवून आणायला सांगितलं, आणि जळत्या झुडपासमोर उभं राहून त्याने लागोपाठ पाच सबबी सांगितल्या. मी कोण जाणारा? तुझं नाव काय सांगू? ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. मी जड जिभेचा आहे. आणि सगळं संपल्यावर सरळच: दुसऱ्या कोणाला तरी पाठव. गंमत म्हणजे सर्वांत वजनदार सबब त्याने काढलीच नाही. मिसरमधून तो पळाला होता तो एका माणसाला मारून, प्रेत वाळूत पुरून. आपल्याकडे एवढं भांडवल असतं तर आपण पहिल्याच वाक्यात मोकळे झालो असतो.

मोशेची चूक एवढीच की तो तिथे वाद घालत थांबला. तुम्ही थांबू नका. शिवाय बायबलच्या निर्गम पुस्तकातला हा भाग वाचताना जरा भरभर वाचा, कारण सावकाश वाचलं तर एक गैरसोयीची गोष्ट नजरेत भरते. देव त्याला कुठेही "अरे, तू तर छान बोलतोस" असं म्हणत नाही. लायकीचा मुद्दा तो खोडून काढतच नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच सांगतो. यिर्मया संदेष्टा म्हणाला, मी तर अजून पोर आहे. त्यालाही जवळपास हेच उत्तर. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर आपण इतकी वर्षं इतक्या नम्रपणे देत आलो, तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता.

असो. सेवेतून सुटलात की रविवारी तुमच्याकडे वेळच वेळ असतो. तो वाया घालवू नका. मागून तिसऱ्या रांगेत, कडेची जागा धरा. तिथून सगळं दिसतं. गायनवृंदातल्या एका ताई वरच्या सुरावर पोचायच्या आधी भुवया वर करतात. प्रार्थना करणारे वडील "आणखी एक विनंती" असं चौथ्यांदा म्हणतात. सहनशीलतेवर धडा घेऊन बाहेर आलेल्या संडे स्कूलच्या बाई फाटकाशी स्वतःच्या पोराच्या दंडाला धरून त्याला गदागदा हलवतात. जमल्यास एक छोटी वही ठेवा. लोकांना वाटतं, हा माणूस उपदेशाची टिपणं काढतोय.

टीका मात्र करू नका, ते बरं दिसत नाही. प्रार्थनाविनंती करा. "कोणाला बोलू नका हं, फक्त प्रार्थनेसाठी सांगते," एवढी प्रस्तावना केली की पुढे काहीही सांगता येतं. त्या बाईंचा राग, पाळकांच्या मुलाचे मार्क, कोषाध्यक्षांच्या घरातला अबोला. सोमवार उजाडेपर्यंत सगळी मंडळी प्रार्थनेला लागलेली असते.

उपदेश लांबला तर घड्याळाकडे उघड बघा. कोणी हटकलं तर त्रोवसचा दाखला द्या. तिथे प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळला. लोकांनी उचलला तो मेलेलाच. पौल खाली गेला, त्याला मिठी मारली, त्याच्यात जीव आहे असं सांगितलं, वर आला, भाकर मोडली, आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत बसला! पौलाचं बोलणं तसंही सगळ्यांना पसंत नव्हतं. पत्रं भारदस्त, पण प्रत्यक्षात माणूस दुबळा आणि भाषण टाकाऊ, अशी करिंथमध्ये त्याच्याविषयी कुजबुज होती. ती त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलीय. तेव्हा कुजबुजणाऱ्यांची परंपरासुद्धा पार प्रेषितांच्या काळापर्यंत जाते; संकोच कसला?

आता या निरीक्षणाला थोडा सिद्धांताचा टेकू हवा. सिद्धांत असा: देणाऱ्याचे हात स्वच्छ नसतील, तर त्या हातांनी दिलेलं काहीच खरं नाही. शोध तुमचा नाही, पण वापरायला हरकत नाही. इ.स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला, शास्त्राच्या प्रती जाळायचे हुकूम निघाले, आणि उत्तर आफ्रिकेतल्या काही पुढाऱ्यांनी जीव वाचवण्यासाठी त्या काढून दिल्या. छळ थांबला आणि हिशेब सुरू झाला. कार्थेजला कैकिलियन बिशप झाला, तेव्हा दीक्षा देताना त्याच्यावर हात ठेवणाऱ्यांत फेलिक्स नावाचा बिशप होता, आणि फेलिक्सने म्हणे प्रती दिल्या होत्या. झालं! फेलिक्सचा हात बाद, म्हणून कैकिलियन बाद, म्हणून त्याने दिलेले बाप्तिस्मे बाद. वेगळा बिशप, वेगळी मंडळी. पुढे डोनाटस त्यांचा पुढारी झाला, त्यावरून त्यांना डोनाटिस्ट म्हणतात. नंतर चौकशी झाली आणि फेलिक्सने काहीच दिलं नव्हतं असं निघालं. पण तोवर स्वच्छ असण्याची चटक लागली होती. चौकशीचे कागद बघतो कोण?

३१४ मध्ये आर्लच्या परिषदेने यावर निकाल दिला, आणि तो तुमच्या फारसा सोयीचा नाही. ज्याने खरोखर प्रती दिल्या त्याला पदावरून काढा, पण तोंडी आरोपावरून नाही, सरकारी दप्तरातला पुरावा असेल तर. आणि त्याने ज्यांच्यावर हात ठेवले त्यांची दीक्षा मात्र खरी. पुढे हिप्पोच्या ऑगस्टीनने याच वादात एक दाखला दिला. पाणी दगडी पाटातून बागेत जातं. पाटात काही उगवत नाही, दगड तो दगडच राहतो, पण बाग फळते. हा दाखला सेवा करणाऱ्यांना ऐकवू नका. "बाग फळते" एवढंच ऐकून ते खूश होतील आणि दगडाचं विसरतील.

सिद्धांत वापरताना तुम्हीही एक काळजी घ्या: साखळी फार मागे ओढू नका. तुम्हाला बाप्तिस्मा कोणी दिला, त्याच्यावर हात कोणी ठेवले, त्याच्या आधी कोणी, असं करत मागे मागे गेलात तर पहिल्या कडीपाशी येशूला तीनदा नाकारणारा पेत्र भेटतो, आणि कोंबडा आरवतो.

कोणी जॉन न्यूटनचं उदाहरण देईल, त्यालाही तयार राहा. गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवरचा माणूस. १७४८ मध्ये वादळात जहाज बुडायला आलं, आणि त्याने देवाचा धावा केला. साक्ष इथे संपवली तर छानच. पण तुम्ही वहीवाले, तुम्ही पुढच्या तारखा विचारा. त्यानंतरही तो गुलामांच्याच धंद्यात राहिला, कप्तान झाला, आणि १७५४ मध्ये समुद्र सोडला तो आजारपणामुळे. १७६४ मध्ये पाळक झाला. कृपेवरचं त्याचं जगभर गायलं जाणारं गीत १७७३ च्या नववर्षदिनी उपासनेत आलं, तेव्हाही त्या धंद्याविरुद्ध त्याने जाहीरपणे अवाक्षर काढलेलं नव्हतं. काढलं ते १७८८ मध्ये, एक पुस्तिका छापून. आणि ही कबुली फार उशिराची आहे, तिने झालेलं दुःख भरून निघणार नाही, हेही त्याने स्वतःच तिच्यात लिहिलं. ४० वर्षं! कृपा इतकी रेंगाळत काम करणार असेल तर आपण तिच्यावर कसं विसंबायचं? आपल्याला बुधवारी पश्चात्ताप आणि रविवारी निकाल हवा.

इथे उपरोध जरा बाजूला ठेवतो, कारण नेमक्या याच वळणावर लबाड माणूस आत शिरतो. भुवया वर करणं, अडखळणं, चिडणं, प्रार्थना लांबवणं हे एक. अर्पणाच्या पैशाला हात लावणं किंवा कोणाच्या लेकराला इजा करणं हे दुसरं. दुसऱ्या प्रकारातल्या माणसाला "आपण सगळेच अपूर्ण" म्हणत त्याच खुर्चीवर ठेवणारे, आणि ज्याला लागलंय त्यालाच "क्षमा कर" म्हणून गप्प बसवणारे लोक मी पाहिलेत. डोनाटिस्ट परवडले. अंत्युखियात पेत्र लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला, तर पौलाने सगळ्यांदेखत त्याला तोंडावर सुनावलं, आणि ते पत्रात लिहून कायमचं ठेवून दिलं. ते सुनावणं कृपेच्या विरुद्ध होतं असं कोणालाही वाटलेलं दिसत नाही. बरं, झालं. उपरोध पुन्हा सुरू.

ही सगळी युक्ती मी स्वतः वापरून पाहिलेली आहे, म्हणूनच एवढ्या खात्रीने सांगतोय. एका रविवारी शास्त्रपाठ वाचाल का म्हणून मला विचारलं होतं. मी लायकीचं उत्तर दिलं. त्या आठवड्यात माझं भावाशी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तो समोरच्याच रांगेत बसणार होता. अशा तोंडाने शास्त्र कसं वाचायचं? मला हे कारण फारच आध्यात्मिक वाटलं. भावाची माफी मागणं हा दुसरा मार्ग होता. तो सुचला नाही असं नाही, पण लायक नसणं त्याच्यापेक्षा स्वस्तात पडतं.

माझ्या जागी जो उभा राहिला, तो बोलताना अडखळतो. २३ वं स्तोत्र होतं. पहिल्याच "प"वर तो अडला. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी किंचित वर, आणि हातातल्या कागदाचा कोपरा असा थरथरत होता की मागून तिसऱ्या रांगेतही दिसावा. कोणीतरी खोकलं. एका लहान मुलीने आईकडे पाहिलं. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग "परमेश्वर" एकदम सुटला, जरा मोठ्यानेच, आणि "माझा मेंढपाळ आहे" सरळ गेलं. "मला काही उणे पडणार नाही" एवढ्यात तो तीनदा थांबला. हे स्तोत्र मला लहानपणापासून पाठ आहे, म्हणजे कित्येक वर्षांत मी ते ऐकलेलं नाही. त्या दिवशी मात्र दर शब्दाला वाट बघावी लागली, आता येतो की नाही म्हणून. "उणे" आल्यावर माझा श्वास सुटला. वहीत मी लिहिलं: फार वेळ लागला.

भावाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी टिपणं काढण्यात गढून गेलो.

हल्ली मात्र एक अडचण उभी राहिलीय, आणि तिच्यावरचा तोडगा मला अजून सापडलेला नाही. संडे स्कूलच्या त्याच बाई (फाटकाशी पोराला हलवणाऱ्या) गेल्या रविवारी उपासनेनंतर समोर आल्या. लहान मुलांच्या वर्गाला कोणी नाही म्हणाल्या. मी डोळे अर्धे मिटले, मान खाली घातली आणि म्हणालो, "प्रार्थना करून कळवतो."

"करा की," त्या म्हणाल्या. "तोवर या टेबलाचं ते टोक धरा."

आता टेबलाचं टोक धरायला काय लायकी लागते, हे मला तेवढ्यात आठवेना. मी धरलं. टेबल लांब होतं, दार अरुंद, आणि त्या उलट्या चालत पुढे निघाल्याही.

"ब्रदर, जरा उचला," दारातून त्या ओरडल्या. "तुमची बाजू खाली चाललीय."