वालचंद कॉलेज वालचंदशेठांनी काढलं?

इंजिनियरिंगच्या प्रवेशांचे दिवस आले की सांगलीकरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४७ साली सांगलीत काढलेलं, शिवाजी विद्यापीठाचं, महाराष्ट्रातलं पहिलं इंजिनियरिंग कॉलेज. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल पहिल्या दिवसापासून. एवढ्या मजकुरात खरं काय, तर साल आणि गाव.

१९४७ साली कॉलेज सुरू केलं ते धोंडूमामा साठे यांनी, आणि त्याचं नाव होतं न्यू इंजिनियरिंग कॉलेज. 'वालचंद' हे नाव लागलं १९५५ साली, व्यवस्थापन बदललं तेव्हा. वालचंदशेठ त्याआधीच, १९५३ च्या एप्रिलमध्ये वारले होते. म्हणजे आपल्या नावाचं हे कॉलेज त्यांनी पाहिलंच नाही. सिंदियाची जहाजं, विशाखापट्टणमची गोदी, बंगळूरचा विमान कारखाना, प्रीमियरच्या मोटारी, एवढं ज्यांच्या खात्यावर आहे त्यांना साठ्यांच्या खात्यातलं उसनं कशाला? कुणी म्हणेल, नंतरचा आधार मिळाला म्हणून तर कॉलेज वाढलं. मान्य. पण वाढवणं वेगळं आणि स्वातंत्र्याच्या वर्षी सांगलीसारख्या गावात इंजिनियरिंगची पदवी शिकवायला घेणं वेगळं. मेसेजमधून नेमकी हीच पहिली आठ वर्षं गळतात, आणि त्यांच्यासोबत धोंडूमामाही.

शाखांचंही तेच. सुरुवातीला होतं फक्त सिव्हिल. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल आले १९५५ मध्ये, नव्या नावाबरोबर. हे श्रेय नव्या व्यवस्थापनाला खुशाल द्या, ते त्यांचंच आहे.

शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात स्थापन झालं १९६२ साली. १९४७ मध्ये पुणे विद्यापीठसुद्धा नव्हतं, ते १९४९ चं. कॉलेज आधी पुण्याकडे होतं, कोल्हापूरशी नातं जुळलं ते पंधरा वर्षांनी. (आता तर ते स्वायत्त आहे.)

राहिलं 'महाराष्ट्रातलं पहिलं'. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजची सुरुवात १८५४ ची, मुंबईच्या व्हीजेटीआयची १८८७ ची. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उलट मला गंमत वाटते ती 'महाराष्ट्र' या शब्दाची. १९४७ साली महाराष्ट्र राज्यच नव्हतं. सांगली होतं पटवर्धनांचं संस्थान, ते विलीन झालं मार्च १९४८ मध्ये. पुढच्या वर्षी जिल्हा झाला, त्याचंही नाव दक्षिण सातारा. 'सांगली जिल्हा' म्हणायला १९६० उजाडावं लागलं. अभिमान मिरवायचाच असेल तर हा मिरवा, की आपलं कॉलेज आपल्या जिल्ह्यापेक्षा वयानं मोठं आहे.