हर्डल्स शाळेतून काढू नका

क्रीडास्पर्धा जवळ आल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो: ‘शाळेत हर्डल्स शिकवू नका. पोरं तोंडावर आपटतात. उड्या मारून गुडघे जातात. उंच मुलांशिवाय ते कुणाला जमत नाही. आणि सिंथेटिक ट्रॅक नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.’ मी पाचवी ते आठवीच्या मुलांना हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांवरून धावायची शर्यत, शिकवतो. हा मजकूर वाचून पालक मुलांना थांबवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पोरं पडतात, हे खरं. पण कशामुळे? स्पर्धेचा हर्डल अगदी खाली आणला, तरी ७६.२ सेंटिमीटरचा असतो. महिलांच्या ४०० मीटरची ती उंची. पाचवीतल्या मुलाच्या तो कमरेशी येतो. असा हर्डल पहिल्याच दिवशी समोर ठेवला तर पोर पडणारच. दुसरं कारण त्याहून वाईट: उलटा ठेवलेला हर्डल. त्याचे खालचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला हवेत, म्हणजे धक्का लागताच तो पुढे कलंडतो. उलट बाजूने धावलं तर तो पडत नाही, मुलालाच पाडतो. तासाआधी हे एकदा तपासायला मिनिटही लागत नाही. आणि हर्डल चुकून पडला म्हणून मोठ्या स्पर्धेतही कुणी बाद होत नाही. मुलांना हे सांगितलं की त्यांची निम्मी भीती तिथेच जाते.

माझ्या पहिल्या तासाला हर्डल नसतोच. दोन पुठ्ठ्याचे खोके आणि त्यावर नुसती टेकवलेली वर्तमानपत्राची सुरळी, जमिनीपासून वीत-दीड वीत. पाय लागला तर सुरळी उडून जाते.

उंचीइतकंच अंतरही महत्त्वाचं, आणि ते सहसा कुणी बघत नाही. दोन हर्डल्समध्ये तीन पावलं पडायला हवीत. महिलांच्या १०० मीटरमध्ये हे अंतर ८.५ मीटर असतं. मुलांना ते कसं झेपावं? मी फक्कीने शेजारी शेजारी तीन पट्टे आखतो: सुरळ्यांमध्ये ५.५, ६ आणि ६.५ मीटर अंतराचे. सहावीतली एक मुलगी दर सुरळीपुढे येऊन थबकायची. घाबरते, असंच सगळ्यांना वाटलं. तिची पावलं मोजली, तर तिसरं पाऊल सुरळीच्या फार अलीकडे पडत होतं. उरलेल्या तुकड्यात ती चौथं-पाचवं कोंबत होती. तिला ५.५ च्या पट्ट्यात आणलं. ‘एक-दोन-तीन-पार, एक-दोन-तीन-पार’ असं स्वतःशीच पुटपुटत ती न थांबता चारही सुरळ्या पार करून गेली आणि लगेच पुन्हा रांगेत उभी राहिली.

गुडघ्यांचं म्हणाल, तर हर्डल्स ही उड्यांची शर्यत नाहीच. हवेत जितका वेळ जाईल तितका तोटा, म्हणून शिकवतानाच उडी कमी करायला शिकवतात: लांबून झेपावायचं, पुढचा गुडघा आधी उचलायचा, मागचा पाय बाजूने फिरवून आणायचा आणि पलीकडे लगेच पळायला लागायचं. लंगडीत तर सगळं वजन पुन्हा पुन्हा एकाच पायावर आदळतं. लंगडी आपण गुडघ्यांच्या भीतीने बंद केलेली नाही, आणि करूही नये.

उंचीच्या मुद्द्याला एक नाव पुरे. ऑस्ट्रेलियाची सॅली पिअर्सन, लंडन ऑलिंपिक २०१२, १०० मीटर हर्डल्सचं सुवर्णपदक. उंची साधारण १.६६ मीटर.

ट्रॅकचं उत्तर पी. टी. उषाने केव्हाच दिलं आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर हर्डल्सचं कांस्यपदक तिचं एक शतांश सेकंदाने हुकलं, आणि तिचा सराव केरळातल्या पय्योळीच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत झालेला होता.

मैदानाची काळजी मात्र रास्त आहे. फरशीवर, डांबरावर किंवा ओल्या चिखलात मीही मुलांना सुरळीवरून धावू देत नाही. पाऊस पडून गेलेला असला की खोके वर्गातच राहतात. मग मातीवर नुसत्या रेघा मारायच्या, आणि पोरं त्या रेघांवरून तीच तीन पावलं मोजत हळू चालत जातात.