सोमवारी पत्ते बंद असतात

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, दूध गॅसवर आणि फोन ओट्यावर असताना आलेला मेसेज जसाच्या तसा देते.

"ताई, शनिवारपासून ब्लू टिक दिसतेय. तुम्ही सेवा करता ना? मग सेवेला सुट्टी कसली?"

दूध उतू गेलं. शेगडी पुसता पुसता मी मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सेवा! हा शब्द कुणी काढला की समजावं, आता काहीतरी फुकटात मागणार. आमच्या सोसायटीचा प्लंबर तीन-तीन दिवस फोन उचलत नाही, आणि उगवला की सगळे त्याला आधी चहा विचारतात. त्याला नाही कुणी म्हणत, सेवा करतोस ना रे? आम्ही टॅरोवाल्यांनी, म्हणजे पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्यांनी, मात्र चोवीस तास उघडं राहायचं. माझ्या आत्याच्या तेराव्याला, मी पंगतीत लाडू वाढत असताना, एका बाईंनी माझं मनगट धरून विचारलं होतं, "पत्ते आणलेयत का गं? मुलीच्या लग्नाचं तेवढं बघायचं होतं." बाई नात्यातल्याच. लाडू मात्र दोन घेतले.

असो. रागावर निघाले, मुद्दा वेगळाच आहे.

काल रात्री एक रील समोर आलं. पांढरे कपडे, मागे मनीप्लँट, हातात सेलेनाइट स्फटिकाची कांडी. म्हणे, समोरच्याची निगेटिव्ह एनर्जी तुमच्यात साचते म्हणून पत्ते बघणाऱ्या रीडरला थकवा येतो. सैंधव घालून आंघोळ करा, पत्त्यांच्या डेकवर क्रिस्टल ठेवा आणि कोर्सला नाव नोंदवा. खाली आपल्या टॅरोच्या ग्रुपातल्याच ओळखीच्या तिघींचे जोडलेले हात.

अगं बायांनो, मी थकायचे कारण सकाळी दहापासून पोटात काही नसायचं! लागोपाठ नऊ जणींचं रडं ऐकलेलं असायचं, मध्ये बाथरूमलासुद्धा गेलेली नसायचे. यात ऑरा कुठून आला?

मिठाच्या पाण्याची वाटी माझ्याही टेबलाखाली असते. संध्याकाळी कापूरही लावते. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मिठाने तो शनिवार पुसला गेला नाही.

त्या शनिवारचं मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. दोन वर्षं होतील. श्रावण होता, माझा उपास, आणि दिवसातलं नववं रीडिंग. बाई बदलापूरहून डोंबिवलीला आलेल्या. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून एक्स-रेचं मोठं पाकीट वर आलेलं. आता आपल्या ग्रुपातल्यांना हे वेगळं सांगायला नको, की आजारपण, मरण आणि कोर्टाचा निकाल यांवर पत्ते काढायचे नसतात. माझ्या खोलीत तसा कागदच चिकटवलाय, बाईंच्या अगदी डोक्यामागे. त्यांनी विचारलं, "आई उठेल ना?"

मी कागदाकडे बघितलं. मग घड्याळाकडे. आणि पत्ते पिसले.

फोर ऑफ सोर्ड्स निघाला. 78 पत्त्यांतला अगदी सोपा पत्ता. चर्चमध्ये एक योद्धा हात जोडून आडवा पडलाय, वर रंगीत काचेची खिडकी, तीन तलवारी भिंतीवर आणि एक खाली. पुस्तकात अर्थ दिलेला असतो विश्रांती, बरं होणं. पण तो ज्यावर पडलाय ती कबर आहे. एरवी एवढ्या एका पत्त्यावर मी वीस मिनिटं बोलले असते, बाईंनाच विचारलं असतं की तुमचं जागरण किती दिवसांचं आहे. त्या दिवशी माझ्याकडे एक शब्द नव्हता. आतून पार कोरडी. मी म्हणाले, "आराम पडेल. उठतील." आणि कुठल्या आवाजात म्हणाले? प्लॅटफॉर्मवर पुढची गाडी सांगणारी बाई असते ना, त्या आवाजात.

बाईंचा चेहरा असा सैल झाला की काय सांगू. हातरुमालाची गाठ सोडून त्यांनी पाचशेची नोट काढली, चार घड्या घातलेली. गाडी चुकेल म्हणत निघाल्या. परत आल्या नाहीत, फोनही नाही. आई उठल्या की नाही, मला माहीत नाही.

आणि रीलवाली मला सांगते, एनर्जी त्यांची माझ्यात आली! उलट झालं होतं बाई, माझा थकवा मी त्यांच्या पिशवीत घालून दिला.

म्हणून मला या स्वतःची काळजी वगैरे प्रकाराचं फार कौतुक नाही, म्हणजे जसं ते हल्ली सांगतात तसं. मेणबत्त्या, मसाज, स्वतःला फुलं घेणं. घ्या की, कोण नको म्हणतंय. पण दमलेला रीडर हा नुसता दमलेला नसतो, तो बेभरवशाचा असतो. दमलं की आपण समोरच्याला हवं ते बोलून मोकळे होतो, कारण ते लवकर संपतं. तुम्हालाही हा अनुभव आहे. नाही म्हणणारी मला अजून भेटायचीय.

बरं, या पत्त्यावरचं चित्र जिने काढलं तिचं तरी काय झालं? पामेला कोलमन स्मिथ. 1909 साली तिने अख्ख्या डेकची चित्रं काढली, ठोक पैशावर. त्याच वर्षी तिने अल्फ्रेड स्टिग्लिट्झ या छायाचित्रकाराला पत्रात कळवलं, मोठं काम हातावेगळं केलं, पैसे मात्र फारच थोडे. पुढे जगभर डेक खपला, पण नाव चाललं ते प्रकाशकाचं आणि तिच्याकडून डेक करून घेणाऱ्या लेखकाचं, वेटचं. ती 1951 मध्ये इंग्लंडातल्या कॉर्नवॉलला वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. तिलाही कुणीतरी सेवाच म्हणालं असणार!

सासरे अजून विचारतात, "काय, आज रमीत किती जिंकलीस?" त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा. 15व्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळायलाच निघाले, भविष्याला ते बऱ्याच नंतर जुंपले. पण खेळणारासुद्धा डाव संपला की उठतो हो.

तर त्या शनिवारनंतर मी काय केलं? आठ दिवस डेक फडक्यात बांधून कपाटात ठेवला, साड्यांखाली. मग ठरवलं, दिवसाला चार. दोघींच्या मध्ये अर्धा तास, आणि त्यात गरम जेवण. सोमवार बंद. व्हॉइस नोट ऐकायची नाही, सात मिनिटांची तर नाहीच. एकाच प्रश्नावर महिन्यात दुसऱ्यांदा बसायचं नाही, कारण "तो परत येईल का" याचं उत्तर बुधवारी वेगळं आणि शुक्रवारी वेगळं येत नसतं. आणि मी स्वतः एका समुपदेशकाकडे जाऊ लागले. घरात हसले थोडे, की भविष्यवालीलाच कुणीतरी लागतं. लागतं!

पैसे कमी झाले. पहिले काही महिने चांगलेच टोचले. ज्यांचं घर या पत्त्यांवरच चालतं त्यांना "चारच घ्या" म्हणणं सोपं नाही, तेही मान्य. माझ्या नवऱ्याचा पगार आहे म्हणून मी हे ऐटीत लिहितेय.

आणि लोक आपल्याकडे का येतात हेही मला कळतं. समुपदेशकाची फी परवडत नाही, घरात बोलायची सोय नाही, भावजयीला कळलं तर चाळभर होईल. इथे निदान कुणीतरी समोर बसून ऐकतं. त्या बदलापूरच्या बाईंना तरी पत्ता कुठे हवा होता? "आई कशी आहे, तुम्ही जेवलात का" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. तेवढंही माझ्यात उरलं नव्हतं. पाचशेची ती नोट मी बरेच दिवस खर्च केली नाही. मग एक दिवस भाजीत गेली.

भिंतीवरच्या कागदावर आता खाली 14416 लिहिलंय. टेलिमानस, सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीतही बोलतात. तुमच्याही खोलीत लावा. आपलं गिऱ्हाईक कमी होईल म्हणून घाबरू नका, जरा तरी लाज ठेवा.

हे सगळं लिहीत असताना मधेच उठून मी सकाळचा तो मेसेज पुन्हा उघडला. मघाशी रागात एक गोष्ट बघितलीच नव्हती. त्याच्या वर त्याच बाईंचे आणखी मेसेज होते. रात्री 1:20. 2:45. 4:05. सेवा-बिवा काही नाही, नुसतं "ताई", "ताई आहात का".

सोमवार आहे, पत्ते काढणार नाही. पण लिहिलं, "रात्रभर जाग्या होतात का?"

लगेच आलं, "आठ दिवस झोप नाही हो."

नंबर पाठवलाय, आत्ताच लावा म्हटलंय. आणि उद्याचं साडेदहाचं दिलंय. येताना काहीतरी खाऊन या, हेही लिहिलं.