सच्याच्या डिकीवरची विंग

सच्यानं सेडानच्या डिकीवर विंग बसवून आणली आणि रंकाळ्याच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी दुसरा विषयच निघाला नाही. वीतभर उंच, काळी, लांबून कार्बन फायबर वाटणारी. टिचकी मारली की प्लॅस्टिकचा डबा वाजतो.

"कशाला मर्दा हे?" पक्यानं विचारलं.

"डाऊनफोर्स. मागची चाकं रस्त्याला धरून राहत्यात."

"मग डिकीत ज्वारीचं पोतं टाक की. ते पण दाबतंय."

सगळे हसले, इरफान सोडून. त्याचं गॅरेज आहे, आणि आम्ही चेष्टेत घेतलेलं काहीही तो मनावर घेतो. "पोतं आणि विंग एक न्हवं," तो म्हणाला. "पोतं टायर दाबतंय, खरं हाय. पण वळणावर तेच पोतं गाडीला बाहेर बी ओढतंय. पकड वाढली, ओढ बी वाढली. हिशोब तिथंच. हवा नुसती वरनं दाबती. बाहेर फेकलं जायला तिचं वजन गाडीत नसतंय."

याचसाठी विंगचा शोध, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. विमानाचा पंख उलटा करून बसवायचा आणि ओझं न वाढवता टायरवरचा दाब वाढवायचा. 1966 साली अमेरिकन रेसर जिम हॉलनं चॅपरल 2ई या रेसकारवर असा पंख खांबांवर उंच उभा केला होता, आणि त्याचा दाब थेट मागच्या चाकांच्या जोडणीवर येईल अशी सोय केली होती.

"म्हणजे सच्याचं बरोबर?" पक्या.

"थांब की. वेग किती, ते सांग आधी," इरफान म्हणाला.

अभ्यानं मोबाईल काढला. पोर्शेच्या आत्ताच्या 911 जीटी3 आरएसचा कंपनीनं दिलेला आकडा आहे, ताशी 200 किलोमीटरला अख्ख्या गाडीवर मिळून 409 किलो दाब, 285 ला 860. विंगची वरची कड टपाच्याही वर. पक्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण हा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याच हिशोबानं उतरतो. अभ्यानं भागाकार केला: 80 ला 65 किलो. पन्हाळ्याच्या वळणावर 40 ला गेलात तर 16. हे सगळं ट्रॅकसाठी घडवलेल्या गाडीचं. सच्याच्या फळीचा अंदाज आम्ही हवा अगदी सरळ येते असं धरून काढला, तरी 80 ला सातेक किलोच्या पुढं जाईना.

सच्या काही ऐकायला तयार नव्हता. "मग ऑडीनं टीटी गाडीला नंतर स्पॉयलर का लावला?"

हा मुद्दा मात्र त्याचा जोरदार होता. 1998 ला आलेली टीटी ऑटोबानवर मोठ्या वेगात मागून सुटायची, अपघात झाले, आणि कंपनीनं गाड्या परत बोलावून डिकीवर छोटा स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं, ईएसपी, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, दिलं. कारण त्या गोलसर पाठीवरून जाणारी हवा गाडीचं मागचं टोक वर उचलत होती. पण तो स्पॉयलर दाबायला नव्हता, उचलणं कमी करायला होता. 1970 च्या दशकात 911 आरएसच्या मागं जी बदकाची शेपटी आली, तिचं पहिलं कामही तेच. आमच्या लहानपणी वहीच्या कव्हरवर असायची ती लॅम्बोर्गिनी काउंटॅक बघा, तिच्या भल्यामोठ्या विंगनं तर टॉप स्पीडच कमी व्हायचा. तरी लोक हौसेनं मागवायचे. सच्याला हे शेवटचं वाक्य फार आवडलं.

वाद मिटेना म्हणून हवा नेमकी कशी जाते ते बघायला रविवारी आईच्या जुन्या स्वेटरची लोकर आणली. वीतभर लांबीचे धागे मागच्या काचेवर आणि विंगच्या खालून टेपनं चिकटवले, इरफान चालवायला, मी मागच्या सीटवर मोबाईल धरून, आणि कागलच्या दिशेनं हायवेला 80 धरले. काचेच्या वरच्या भागातले धागे मागं सरळ ताणले गेले. डिकीजवळचे गरगर फिरायला लागले. विंगखालचे तर मधूनच उलटे, गाडीच्या पुढच्या दिशेला वळायचे. टपावरून येणारी हवा काचेच्या उतारावर सुटून विंगला लागायच्या आधीच विस्कटत होती.

"आणि तुझी गाडी ओढत्यात पुढची चाकं," इरफान आरशात बघत म्हणाला. "विंग मागच्या एक्सलच्या बी मागं. तिथं दाबलंस तर पुढचं उचलंल, सीसॉगत. रेसमधल्या असल्या गाड्यांना मागं विंग असत्यात, न्हाई कोण म्हणतंय? पण पुढं बंपरखाली स्प्लिटर, म्हंजे आडवी पट्टी, बी असतीय. दोन्हीकडनं दाब, मग मजा."

"काढू म्हणतोस?" सच्या जरा पडल्या आवाजात.

इरफाननं गाडी बाजूला घेतली, डिकी उघडली, मॅट उचललं. विंगच्या नटबोल्टसाठी पत्र्याला चार भोकं पाडलेली, एकालाही सील नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात दोन बोटं पाणी.

"मागं वजन पाहिजे होतं न्हवं," तो म्हणाला, "झालं की."