आधी वजन करा, मग औषध द्या!

"कुत्र्याला पिसवा झाल्यात, काहीतरी द्या" म्हणत औषधांच्या दुकानात जायचं आणि फळीवरून निघेल ती बाटली घेऊन यायचं, हे बंद करा आता. निपाणीत तेच, चिकोडीत तेच, अथणी-खानापुरातही तेच. कुत्रं किती किलोचं आहे हे दुकानदार विचारत नाही आणि मालकालाही माहीत नसतं. मग शेतातलं फवारणीचं औषध, म्हशीचं इंजेक्शन, तंबाखू भिजवलेलं पाणी, सगळं त्या मुक्या जनावराच्या अंगावर. संताप येतो!

ग्रेहाउंड असो, मुधोळ असो की कारवानी, या सडपातळ शिकारी जातींच्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि कातडी पातळ असते. ग्रेहाउंडच्या यकृतात काही औषधं इतर जातींपेक्षा फार हळू मोडतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं तर या कुत्र्यांना सोसतच नाहीत: तोंडातून लाळ, अंगाला कंप, मग श्वासाला अडथळा. त्याच गटातल्या डायक्लोरव्हॉसवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी जुनी बाटली गोठ्याच्या कोनाड्यातून काढून कुत्र्याला चोळणारे आहेत. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन कातडीतून आत जातं, शिवाय कुत्रं अंग चाटतं ते वेगळंच. रॉकेलनं कातडी भाजते.

सगळ्यात जास्त राग येतो तो आयव्हरमेक्टिनचा, म्हणजे गुरांच्या जंतांवरच्या औषधाचा. गुरांच्या १ टक्का इंजेक्शनमध्ये एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं आणि गुरांचा हिशोब ५० किलोला १ मिली असा आहे. इथं २० किलोच्या कुत्र्याला अंदाजानं २ मिली टोचतात, म्हणजे गुरांच्या मापानंही पाचपट! बुबुळं मोठी होतात, पाय लटपटतात, कुत्रं भिंतीला धडकतं. आणि एवढं करून आयव्हरमेक्टिननं पिसवाही आटोक्यात येत नाहीत आणि पोटातले चपटे जंतही मरत नाहीत. मग टोचलं कशासाठी?

"चांगलं औषध परवडत नाही" हे उत्तर ठरलेलं. तीन महिने पुरणारी पिसवांवरची फ्लुरालानेरची गोळी महाग आहे, हे मान्य. फिट येणाऱ्या कुत्र्याला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊही नये. पण स्वस्तातला सुरक्षित रस्ता आहे, त्याला फक्त वजनकाटा लागतो. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. धान्याच्या दुकानातला काटाही चालतो. पाच मिनिटांचं काम!

पिसवांसाठी कुत्र्यांचा ०.२५ टक्क्याचा फिप्रोनिल स्प्रे घ्या. आखूड केसांच्या कुत्र्याला किलोमागे ३ मिली, म्हणजे २० किलोला ६० मिली. एका दाबाला दीड मिली येत असेल तर ४० दाब. लोक चार दाब मारतात आणि औषध खोटं म्हणून ओरडतात. २५० मिलीची बाटली अशा चार कुत्र्यांना पुरते, शेजाऱ्यांनी मिळून घ्या. केस उलटे करत मुळापर्यंत ओलं करा, तोंडाला हातमोज्यानं लावा, आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. भातावरचं फिप्रोनिल ५ टक्क्यांचं असतं, वीसपट तीव्र आणि त्यातली बाकीची द्रव्यं वेगळी. पाणी घालून पातळ केलं तरी ते कुत्र्याचं औषध होत नाही.

जंतांसाठी प्राझिक्वांटेल ५०, पायरँटेल १४४ आणि फेबँटेल १५० मिलिग्रॅमची मिश्र गोळी १० किलोला एक, २० किलोला दोन. फक्त गोल आणि आकड्याचे जंत असतील तर फेनबेंडाझोल किलोमागे ५० मिलिग्रॅम, सलग तीन दिवस, खाण्यातून. गुरांची दीड ग्रॅमची गोळी म्हणजे ३० किलोच्या ग्रेहाउंडचा बरोबर एका दिवसाचा डोस. यापेक्षा स्वस्त काय हवं? मात्र पिसवांमुळे होणारा चपटा जंत फेनबेंडाझोलनं मरत नाही, त्याला प्राझिक्वांटेलच लागतं.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं, वाळल्यावर तिळासारखं चिकटलेलं दिसलं, की तो चपटा जंत समजा. तो पिसू गिळल्यानं होतो. म्हणून नुसती गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर तीन आठवड्यांत दाणे परत हजर! पिसवा आहेत याची खात्री करायची असेल तर पाठीवरचे काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबा. भोवती तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्या कुत्र्याचंच रक्त.

आणि कुत्र्याला औषध लावून त्याच बारदानावर झोपवू नका हो! अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पिसवांच्या पाच टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष बारदानात, सारवलेल्या जमिनीच्या भेगांत, चुलीमागच्या धुळीत. कोषावर औषधाचा परिणाम होत नाही, तो महिनोन्महिने टिकतो. बारदान उकळत्या पाण्यातून काढा, कडक उन्हात टाका, भेगा झाडून केर जाळा आणि कुत्र्याला फिप्रोनिलचा स्प्रे महिन्याला एकदा असा सलग तीन महिने मारा, पावसाळ्यात तर चुकवूच नका.

पिल्लांना दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांना जंताचं औषध, बरोबर आईलाही, कारण आकड्याचे जंत दुधातून येतात. पांढऱ्याफटक हिरड्यांचं पिल्लू "अशक्त जन्मलं" म्हणून सोडून देऊ नका. त्याचं रक्त आतून पिलं जातंय, त्याला आजच डॉक्टरांकडे न्या.