दाह मारायला निघालेल्या रनिंग ग्रुपांसाठी

मेव्हण्याने सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलंय. यवतेश्वरच्या चढाची धास्ती मी समजू शकतो. पण "दाजी, हा कोर्स सुरू करू का?" म्हणून त्याने जो फॉरवर्ड पाठवला, तो वाचून डोकं फिरलं. एव्हाना तो तुमच्याही ग्रुपवर पोचला असेल. सार असं: पळल्यावर स्नायूंत दाह (म्हणजे सूज, इंग्रजीत इन्फ्लमेशन) होतो, दाह हा धावपटूचा एक नंबरचा शत्रू. म्हणून सरावाच्या काळात रोज क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्वाची ४०० युनिटची कॅप्सूल, हळदीचा अर्क, माशाचं तेल, चेरीचा रस आणि रेसच्या सकाळी 'सेफ्टीसाठी' आयब्युप्रोफेन ही एक पेनकिलर. वर ठरलेलं वाक्य: सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. आयब्युप्रोफेन कुठल्या झाडाला लागतं, ते मात्र लिहिलेलं नाही.

मुळात दाह शत्रू, हेच चूक. लाँग रननंतर मांड्या धरतात, रक्तात सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन वाढतं, हे खरं. पण काही दिवसांत ओसरणारा हा दाह वेगळा आणि संधिवातात वर्षानुवर्षं धुमसणारा वेगळा. पळताना स्नायू आयएल-६ नावाचं रसायन सोडतात आणि पुढे दाह आवरणारी रसायनं त्यामुळेच वाढतात. व्यायामात तयार होणारी ऑक्सिडंट रसायनं, जी क आणि ई जीवनसत्त्वं निष्प्रभ करतात, तीसुद्धा स्नायूला पुढच्या खेपेसाठी तयार व्हायला सांगत असतात. ती मारायची, तर मग पहाटे उठून पळायचं तरी कशाला?

हे माझं मत नाही. ऑस्लोच्या नॉर्वेजियन स्कूल ऑफ स्पोर्ट सायन्सेसमधल्या संशोधकांचा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ५४ तरुण स्त्री-पुरुषांना ११ आठवडे सराव दिला. काहींना रोज क जीवनसत्त्व १००० आणि ई २३५ मिलिग्रॅम, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळतंय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सरावाआधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. औषध नसलेल्या गोळ्यांवर असलेल्यांच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रियाचं (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचं) एक महत्त्वाचं प्रथिन वाढलं होतं, जीवनसत्त्वं खाणाऱ्यांच्यात वाढलं नव्हतं. आता, धावण्याच्या चाचणीत दोन्ही गट सारखेच सुधारले, हेही सांगायला हवं. म्हणजे जीवनसत्त्वांनी वेग घटला नाही. पण वाढलाही नाही, आणि स्नायूतला बदल तेवढा अडला. यासाठी महिन्याला पैसे मोजायचे?

मेव्हणा पळायला लागला तोच साखर बॉर्डरवर आली म्हणून. त्याने तर जर्मनीतला २००९ चा प्रयोग वाचावा. फॉरवर्डमधलाच डोस, क १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट. चार आठवडे व्यायाम करून इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारायला हवा होता. जीवनसत्त्वं घेणाऱ्यांचा सुधारला नाही.

पेनकिलरबद्दल फार बोलत नाही, कारण राग येतो. तासन्‌तास पळताना, घामाने पाणी कमी झालेलं असताना, मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, त्यात ही गोळी. कॅलिफोर्नियातल्या १६० किलोमीटरच्या वेस्टर्न स्टेट्स शर्यतीत आयब्युप्रोफेन घेतलेल्या आणि न घेतलेल्या धावपटूंची तुलना झाली होती. घेतलेल्यांचं दुखणं कमी नव्हतं. रक्तातल्या दाहाच्या खुणा उलट जास्त होत्या!

हळद आमटीत घाला, हवी तेवढी. जिच्यासाठी अर्क विकतात ते कर्क्युमिन हे द्रव्य तिच्यात असतं जेमतेम तीन टक्के. मिरीच्या अर्कासोबत येणाऱ्या तीव्र कॅप्सूलची गोष्ट वेगळी, त्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. माशाच्या तेलावर वेळ घालवत नाही. बांगडा खा.

राहिली चेरी, आणि इथे थोडं मान्य करावं लागतं. लंडन मॅरेथॉनच्या २० धावपटूंवरच्या अभ्यासात आंबट चेरीचा रस पिणाऱ्यांची ताकद लवकर परत आली. पण तो रस रेसच्या आधी पाच दिवस, त्या दिवशी आणि नंतर दोन दिवस दिला होता, सरावाचे सगळे महिने नव्हे. तेव्हा मेव्हण्याला कळवलंय: रेसच्या आठवड्यात प्यायचा तर पी, बाटलीवरची किंमत वाचून. बाकीची यादी ग्रुप अॅडमिनला परत पाठव.