राणीखेतचा पीसीआर अहवाल नेमके काय सांगतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोंबड्यांच्या विषाणुजन्य रोगांसाठी वापरल्या जाणाऱ्या पीसीआर चाचण्या सुधारायला हव्यात, (पीसीआर म्हणजे विषाणूच्या जनुकाचा तुकडा अनेक पटींनी वाढवून तो शोधणारी चाचणी) या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे: मोहोळजवळच्या आपल्या शेडमधील धडधाकट पक्ष्यांचा राणीखेत या विषाणुजन्य रोगाचा अहवाल पॉझिटिव्ह आला, पुढच्या बॅचला भर उन्हाळ्यात मर लागली तेव्हा तोच निगेटिव्ह आला, आणि दोन्ही वेळा अहवाल हाती पडेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले होते, म्हणून या चाचण्यांवर पैसा घालण्यापेक्षा शवविच्छेदन करणारा जाणता पशुवैद्य पुरे. आपला अनुभव मी खरा मानतो, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

प्रथम पॉझिटिव्ह अहवालाविषयी. ऊन चढण्याआधी पाण्यात दूध पावडर कालवून लासोटा लस पाजली आणि त्याच आठवड्यात नमुने घेतले गेले, असे आपणच लिहिले आहे. लासोटा ही राणीखेतची जिवंत लस आहे. तिचा विषाणू पक्ष्याच्या श्वासनलिकेत आणि आतड्यात वाढतो व काही दिवस बाहेरही पडत राहतो. राणीखेतसाठी सर्रास वापरली जाणारी प्राथमिक चाचणी मॅट्रिक्स प्रथिनाच्या जनुकाचा तुकडा शोधते, आणि तो तुकडा लसीच्या विषाणूतही असतो. चाचणीने विषाणू आहे एवढेच सांगितले, आणि ते बरोबरच होते. तो लसीचा की रोगाचा, हे कळण्यासाठी विषाणूच्या एफ प्रथिनाचा छेदबिंदू, म्हणजे पक्ष्याच्या शरीरात ते प्रथिन जिथे कापले जाते ती जागा, पाहावा लागतो: लासोटात या प्रथिनाच्या ११७ व्या जागी ल्युसीन हे अमिनो आम्ल असते, तर घातक विषाणूत तिथे फेनिलअ‍ॅलनीन असते आणि ११३ ते ११६ या जागांत किमान तीन आर्जिनीन किंवा लायसीन असतात.

इथे आपल्याकडची एक अडचण आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, याची मला खंत वाटते. आपल्याकडे तलंगांना (अंड्यावर येण्याआधीच्या कोंबड्यांना) साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचली जाणारी आर-टू-बी ही लस मध्यम तीव्रतेच्या मुक्तेश्वर विषाणूपासून केलेली आहे, आणि तिचा छेदबिंदू घातक विषाणूसारखाच आहे. म्हणजे अंड्यांच्या कळपात केवळ छेदबिंदू पाहूनही लस आणि रोग वेगळे काढता येत नाहीत. जनुकांच्या साम्यावरून या विषाणूचे प्रकार पाडतात; लासोटा दुसऱ्या जनुकप्रकारातील, आर-टू-बी तिसऱ्या, तर भारतातील रोगी कळपांत तेरावा प्रकार वारंवार सापडलेला आहे. त्यामुळे हे प्रकार एकाच नळीत वेगळे ओळखणारे प्रोब (ठरावीक क्रमालाच चिकटणारे जनुकतुकडे), किंवा निदान पॉझिटिव्ह नमुन्यांच्या एफ जनुकाचे क्रमवाचन, ही मी मागत असलेली सुधारणा आहे. चाचणी आणखी संवेदनशील करा, असे मी म्हटलेले नाही; तेवढेच केले तर आपल्याला मिळाला तसा अहवाल आणखी दहा जणांना मिळेल.

निगेटिव्ह अहवाल मला अधिक गंभीर वाटतो. या विषाणूचे जनुकद्रव्य आरएनए आहे आणि ते उष्णतेत टिकत नाही. कोरडा स्वॅब रिकाम्या औषधाच्या बाटलीत घालून, बर्फाशिवाय, सोलापूरच्या मे महिन्यात दुचाकीच्या डिकीतून गेला असेल, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यात शोधण्यासारखे फारसे उरत नाही. त्यातच विष्ठेतील पित्तक्षारांसारखे घटक पीसीआरची अभिक्रियाच रोखतात. याला उपाय आहे. आरएनए वेगळे काढण्यापूर्वीच नमुन्यात ओळखीचे, निरुपद्रवी आरएनए मिसळायचे. तेसुद्धा शेवटी दिसले नाही, तर ‘निगेटिव्ह’ न लिहिता ‘नमुना अयोग्य’ असे लिहायचे. हे अंतर्गत नियंत्रण प्रत्येक चाचणीत सक्तीचे असावे, असे माझे ठाम मत आहे. वाहतुकीसाठी एफटीए कार्डही (नमुना वाळवून ठेवण्याचा रसायन लावलेला कागद) उपयोगी पडते, कारण त्यावर विषाणू निष्क्रिय होतो आणि आरएनए बर्फाशिवायही बराच काळ टिकते. तिसरे कारण प्रायमरचे (ज्या छोट्या तुकड्यापासून जनुकाची प्रत बनायला सुरुवात होते त्याचे) आणि प्रोबचे. विषाणू बदलत राहतो, आणि जुन्या क्रमावर बेतलेले प्रोब नव्या विषाणूला चिकटत नाहीत. कबुतरांतील राणीखेत विषाणूंबाबत असे घडलेले आहे.

शवविच्छेदनाला मी कमी लेखत नाही. पण ग्रंथिल जठरावरचे रक्तस्रावाचे ठिपके राणीखेतमध्ये दिसतात तसे घातक बर्ड फ्लूमध्येही दिसतात, आणि २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूने काय ओढवले ते आपल्याला आठवत असेल. शिवाय लस झालेल्या अंड्यांच्या कळपात कित्येकदा ठिपके नसतातच. फक्त उत्पादन घटते आणि कवच पातळ होते, जे संसर्गजन्य ब्राँकायटिस या कोंबड्यांच्या दुसऱ्या विषाणुजन्य रोगातही होते. तिथे सुरीला उत्तर सापडत नाही.

उशिराबद्दल आपले म्हणणे पूर्ण बरोबर आहे. साठ-पासष्ट अंश तापमानावर, महागड्या यंत्राशिवाय होणारी लॅम्प चाचणी (एकाच तापमानावर जनुकाच्या प्रती वाढवणारी) तालुक्याच्या दवाखान्यात शक्य आहे. मात्र निकाल बंद नळीतच वाचला गेला पाहिजे, कारण नळी उघडली की तिच्यातील जनुकाच्या प्रती हवेतून पुढच्या नमुन्यांत शिरतात आणि खोटे पॉझिटिव्ह सुरू होतात. बर्ड फ्लूची शंका असेल तेव्हा मात्र अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेकडूनच होते, आणि ते तसेच असावे.

आपल्याकडचे दोन्ही अहवाल पुन्हा काढून त्यांत अंतर्गत नियंत्रणाचा उल्लेख आहे का, आणि कोणते जनुक तपासले हे लिहिले आहे का, ते कृपया पाहा. नसेल तर प्रयोगशाळेला लेखी विचारा, आणि पुढचा नमुना पाठवताना शेवटच्या लसीचे नाव व तारीख अर्जावर ठळक लिहा.